सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची नाव घेताना: लांबी नंतर, तळाची रुंदी आधी

जुलै लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या वेदगंगा-दूधगंगेच्या पट्ट्यात तेच तेच पूल पाण्याखाली जातात. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, आणि तिकडं कृष्णेवर कल्लोळ-यडूर. गाव एका काठाला, शिवार दुसऱ्या काठाला आणि मध्ये तांबडं पाणी. गोठ्यातल्या जनावरांना वैरण तर रोजच लागते. पूर्वी गुऱ्हाळातली काईल, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात ढकलून, दोघं तिघं उकिडवं बसून नदी ओलांडायचे. अजूनही कुठं कुठं ओलांडतात. लाकडी नावा होत्या, पण दर उन्हाळ्यात त्यांच्या फटी बुजवायच्या, डांबर द्यायचं, आणि आता ते काम जाणणारी माणसंही कमी झाली. त्यामुळं गेली काही वर्षं लोक अ‍ॅल्युमिनियमच्या, सपाट बुडाच्या लहान नावेची चौकशी करताना दिसतात. कुणाला शेतासाठी हवी असते, कुणाला हिडकल जलाशयावर मासेमारीसाठी, तर कुठं गावातल्या तरुण मंडळाला पावसाळ्यात हाताशी असावी म्हणून.

माझी पहिली नाव चुकली. नवी, चकचकीत, बारा फुटांची. विकणाऱ्यानं लांबी सांगितली, मी लांबीच बघितली. त्या नावेचं बूड जेमतेम बत्तीस इंच होतं. पहिल्याच आठवड्यात पुतण्या कडेला उभा राहून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला गेला आणि दोघंही पाण्यात. पाणी कमरेएवढं होतं म्हणून निभावलं. काठावर एक म्हातारे नावाडी बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “अण्णा, लांबी काय खायाची हाय? बूड बघा की, बूड.” पुढं मी दुसरी नाव घेतली, तीनचार जणांना घेऊन दिल्या, आणि दर वेळी त्यांचंच म्हणणं खरं निघालं. तेच इथं हिशोबासकट मांडतो.

आधी पाणी ठरवा

“नाव कुठली चांगली?” असं विचारू नका. “कुठल्या पाण्यावर?” हे आधी स्वतःला विचारा. आपल्या भागात तीन तऱ्हेचं पाणी आहे.

एक, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, मार्कंडेय यांच्यावरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं साठलेलं. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घातले की हे पाणी महिनोन् महिने संथ असतं. काठाजवळ उथळ, तळाला दगड, कुठं बुडालेली बाभळ. या पाण्यासाठी सपाट बुडाची नाव अगदी योग्य, कारण ती वीतभर पाण्यातही तरंगते आणि थेट काठावर चढवता येते.

दोन, घटप्रभेवरचा हिडकल किंवा मलप्रभेवरचा सौंदत्तीजवळचा नविलुतीर्थ जलाशय. इथं पाण्याला ओढ नसते, पण वाऱ्याला मोकळं रान मिळतं. मैल दोन मैल उघड्या पाण्यावरून वारा आला की लाटा उठतात, आणि सपाट बूड लाटेवर थाडथाड आपटतं. वारा नावेला बाजूला ढकलतो तो वेगळाच. अशा ठिकाणी पुढचं तोंड थोडं निमुळतं, कडा उंच आणि तळाला लांबीनं दोनतीन पट्ट्या ठोकलेली नाव हवी. पट्ट्यांमुळं ती सरळ चालते.

तीन, पुरातली कृष्णा. कोयनेतून विसर्ग वाढतो, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, पुढं दूधगंगाही येते. त्या पाण्यावर बारा फुटांची नाव घालू नका, नावाडी कितीही तरबेज असला तरी. झाडं वाहून येतात, वीजवाहक तारा हाताला लागतील इतक्या खाली येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना नाव उलटली, आणि तिच्यात पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. ती आठवण या नदीकाठाला कायमची आहे. गावासाठी नाव घेणाऱ्यांनी नावेच्या आधी हीच गोष्ट बोलून घ्यावी.

मग भार मोजा

हा हिशोब वहीत करता येतो आणि त्याशिवाय दुकानात जाऊ नये. नाव जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच वजन ती उचलते. सपाट बुडाच्या नावेत हे काढणं सोपं आहे. लांबी मीटरमध्ये घ्या. पुढचा भाग वर उचललेला असतो, म्हणून तिला ०.८५ नं गुणा. मग तळाच्या रुंदीनं, तीही मीटरमध्ये, गुणा. आलेल्या चौरस मीटरला १० नं गुणलं की नाव एक सेंटिमीटर खाली जायला किती किलो लागतात ते कळतं.

बारा फूट लांब, तळ छत्तीस इंच: ३.६६ × ०.८५ × ०.९१, म्हणजे साधारण २.८ चौरस मीटर. एका सेंटिमीटरला २८ किलो. चौदा फूट लांब, तळ अठ्ठेचाळीस इंच: एका सेंटिमीटरला ४४ किलो.

आता आपला भार. नाव ६० किलो, तीन माणसं २००, दुधाचे चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन मिळून ९०, मोटर, पेट्रोल, दोरखंड धरून ३०. एकूण ३८०. बारा फुटांची नाव एवढ्या भारानं साडेतेरा सेंटिमीटर खाली जाईल. कडा सोळा इंच, म्हणजे चाळीस सेंटिमीटर असेल तर वर सव्वीस उरतात. कागदावर बरं वाटतं. पण नाव कधीच सपाट बसत नाही. मोटर आणि मोटर चालवणारा मागं, म्हणून मागची बाजू आणखी पाचसहा सेंटिमीटर दबते. आणि मोटर लावायला मागची पाटी मध्ये कापून खाली आणलेली असते, पंधरा इंचांपर्यंत. म्हणजे सर्वांत सखल जागा तिथंच, आणि तिथं उरतात अठरा सेंटिमीटर. आपण झटकन वेग कमी केला की आपलीच लाट मागून येते. पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा असं, पाठीमागून.

संथ पाण्यात सखल जागी किमान पंचवीस सेंटिमीटर आणि जलाशयावर पस्तीसच्या वर उरलं पाहिजे, हा मी पाळलेला नियम. वरच्या हिशोबात ते बसत नाही, म्हणून एक माणूस आणि दोन्ही कॅन काठावर. दुसरी खेप करा.

वैरणीबद्दल एक. भारे वजनाला फार नसतात, पण उंच रचले की नाव डोईजड होते आणि वारा त्यांना शिडासारखा धरतो. कडेच्या वर भारा दिसता कामा नये. जनावर तर या नावांत कधीही चढवू नये. ते बिथरलं की कुणाच्या हातात काही राहत नाही.

रुंदी: इथं थांबून विचार करा

नावेला डावी-उजवीकडं कलंडण्यापासून रोखणारी ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रुंदी दुप्पट केली तर ताकद आठपट. बत्तीस इंचांऐवजी छत्तीस इंच घेतलं तर चारच इंचांत ही ताकद जवळपास १.४ पट होते. बत्तीस आणि अठ्ठेचाळीस यांत रुंदीचा फरक दीडपट, पण तोलाचा फरक साडेतीन पटींच्या जवळ. लांबी मात्र नुसती सरळ प्रमाणात मदत करते. बारा फुटांची चौदा फूट केली तर तोल सहाव्या हिश्शानंच सुधारतो. त्या म्हाताऱ्या नावाड्यांना घन-बिन ठाऊक नव्हतं, पण आयुष्यभर पायाखाली जे जाणवलं ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

म्हणून पैसे तेवढेच असतील तर चौदा फूट अरुंद नावेपेक्षा बारा फूट रुंद नाव घ्या. उभं राहून पाग टाकायचा किंवा जाळं ओढायचं असेल तर तळ अठ्ठेचाळीस इंच. फक्त बसून ये-जा करायची असेल तर छत्तीस चालतो. त्याखाली जाऊ नका.

मोजताना फसगत इथं होते. विकणारा वरची रुंदी सांगतो, कडेपासून कडेपर्यंतची. कडा बाहेर झुकलेल्या असल्यामुळं ती तळापेक्षा फूटभर जास्त भरते. बाहेर काही ठिकाणी नावांना १२३२, १४३६, १४४८ असे आकडे असतात. पहिले दोन लांबीचे फूट, पुढचे दोन तळाचे इंच. आकडा असो वा नसो, आपला टेप घेऊन जा, नाव पालथी करायला लावा आणि मधोमध तळच मोजा.

पत्रा

सगळं अ‍ॅल्युमिनियम एक नसतं. भांड्यांचा पत्रा शुद्ध आणि मऊ असतो, दगडावर घासला की खड्डा पडतो. नावेला मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. ५०५२ हा चांगला आणि पुरेसा. ५०८३ त्याहून भक्कम आणि महाग. पत्र्यावर बहुतेक वेळा कारखान्याचा छापा असतो. बनवणाऱ्याला कापण्याआधीचा अखंड पत्रा दाखवायला सांगा आणि पत्र्याबरोबर आलेला चाचणीचा कागद मागा. बेळगावात हिंडाल्कोचा कारखाना आहे म्हणून पत्रा तिथूनच मिळेल असा अनेकांचा समज असतो. तिथं अ‍ॅल्युमिना (धातू काढण्याआधीची पांढरी भुकटी) तयार होतं, पत्रा नव्हे.

जाडी आपल्याकडं गेजमध्ये बोलतात, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे विसरू नका. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ एमएम, चौदा म्हणजे २, बारा म्हणजे २.६. संथ, मातीच्या तळाच्या पाण्याला सोळा चालतो. बंधाऱ्याजवळ दगडांवरून नाव ओढायची असेल तर तळाला चौदा. गावकामासाठी तळाला बारा, कडांना चौदा. दोन एमएमचा पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो भरतो, त्यामुळं जाडीबरोबर वजन किती वाढेल ते काढता येतं. बारा फुटांची नाव साठ किलोच्या आसपास असली की दोघं उचलून छोट्या हत्तीत टाकू शकतात. चौदा फुटांची, रुंद, जाड तळाची नाव शंभर-सव्वाशे किलो होते. तिला चारजण किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली लागते.

आतून तळावर उभं राहून पाय दाबून बघा. डबा वाजल्यासारखा “टक्क” आवाज आला तर आडव्या पट्ट्या कमी आहेत. तिथंच पुढं चीर पडते.

जोड: रिवेट की वेल्डिंग

माझ्या पहिल्या नावेला पॉप रिवेट होते, म्हणजे एका बाजूनं बंदुकीनं मारलेले, मधून पोकळ. दुसऱ्या पावसाळ्यात तळातून पाणी झिरपायला लागलं. रिवेटची नाव वाईट असते असं नाही. भरीव रिवेट दोन्ही बाजूंनी ठोकलेले आणि मध्ये सीलंट असेल तर ती हलकी असते, धक्का सोसते, आणि एखादा रिवेट ढिला झाला तर गावातच बदलता येतो. वेल्डिंगची नाव झिरपत नाही, पण वेल्डिंग करणाऱ्याचा हात हवा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आणि साखर कारखान्यांच्या आसपास लोखंडाचे वेल्डर उत्तम आहेत. अ‍ॅल्युमिनियमचं काम मात्र वेगळं. ते स्वतः ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. हा थर स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशनं साफ केला नाही तर वरून जोड सुंदर दिसतो आणि आतून पोकळ राहतो. आर्गॉन गॅस हवाच. बनवून घेत असाल तर आधी दोन तुकडे जोडून दाखवायला सांगा, शिकंज्यात धरा आणि हातोड्यानं वाकवा. जोड उघडला तर नमस्कार करून बाहेर या.

तयार नावेचा जोड तपासायची जुनी रीत आहे. बाहेरून जोडावर चुन्याची निवळी फासा, वाळू द्या. आतून त्याच ओळीवर रॉकेल किंवा डिझेल लावा. अर्ध्या तासात चुन्यावर तेलकट डाग उमटला की तिथं भोक आहे. रिवेटच्या नावेला हे करू नका, सीलंट बिघडेल. तिच्यात वीतभर पाणी भरून खालून थेंब बघा.

बुडाली तरी तरंगली पाहिजे

याबद्दल कुणी विचारत नाही आणि मला यावर सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं. लाकडी नाव पाण्यानं भरली तरी तरंगत राहते, माणूस तिला धरून राहू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची नाव भरली की तळाला जाते. म्हणून आत बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम हवा. पाण्यात धातूचं वजन सुमारे ६३ टक्के उरतं. ६० किलोच्या नावेला ३८ किलो, मोटर आणि सामानाचे सढळ हातानं ४०, धरून राहणाऱ्या तीन माणसांना प्रत्येकी १५ धरून ४५. एकूण १२३ किलो. एक घनफूट फोम साधारण २७ किलो उचलतो. म्हणजे साडेचार, म्हणून पाच घनफूट घाला.

फोम कुठं घालता हेही महत्त्वाचं. सगळा तळात घातला तर भरलेली नाव उलटी होऊन तरंगते. दोन्ही कडांना, आसनांच्या खाली, जितका वर जमेल तितका असावा. पांढरा थर्माकोल वापरू नका, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. विकणारा म्हणेल, “आसनं बंद पेटीची आहेत, हवा आहे आत.” एक भोक पडलं की ती हवा गेली.

लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते नावेत टांगायचं नाही, अंगात घालायचं. आपल्या नद्यांच्या गढूळ पाण्यात पट्टीचा पोहणाराही दिशा चुकतो. शिवाय कृष्णेत मगरी आहेत.

मोटर

पहिलं वर्ष वल्ह्यावर आणि बांबूवर काढा. नाव ओळखीची होते. नंतर बारा फुटांच्या नावेला अडीच ते पाच अश्वशक्ती पुरते. मागची पाटी पंधरा इंच असेल तर आखूड दांड्याची मोटर, वीस इंच असेल तर लांब दांड्याची. पंख्यावरची आडवी पट्टी बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. जिथं जलपर्णी दाटते, उसाचा पाला वाहून येतो, तिथं साधा पंखा गुंडाळून बसतो. तिथं शेपटीसारख्या लांबलचक दांड्याची (लाँग-टेल), हवेनं थंड होणारी मोटर बरी.

बॅटरीवरची मोटर शांत असते, मासेमारीला छान. पण ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोरात पन्नासएक अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे जेमतेम तासभर. परतीचं अंतर त्यात धरा.

मोटर लावली की कागदपत्रं आली. यंत्रानं चालणाऱ्या नावांना २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली तपासणी आणि नोंदणी लागते. जलाशयावर जायचं तर पाटबंधारे खात्याची आणि मासे धरायचे तर मत्स्य खात्याची परवानगी आधी घ्या. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिकडं नाव नेण्याचा विचारही नको.

पैसे देण्याआधी पाण्यावर

दुकानातली नाव सगळीच छान दिसते. विसार देऊन नाव नदीवर मागवा आणि सकाळच्या शांत पाण्यात हे करा. रिकामी सोडा, ती सरळ बसते का बघा. एका बाजूला कललेली असेल तर तळ वाकडा आहे. मग दुधाचे कॅन पाण्यानं भरून आत ठेवा, प्रत्येकी चाळीस किलो पाणी, आणि आपल्या ठरलेल्या भाराएवढं वजन करा. सखल जागेची उंची पट्टीनं मोजा. मग जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात एकाला कडेवर बसवा. कड पाण्यापासून चार बोटांपर्यंत आली तर ती नाव नको. तासभर तशीच ठेवा, कापडानं तळ पुसून बघा.

वेदगंगेकाठच्या एका घराच्या शेतकामाला मी बारा फूट, छत्तीस इंच, चौदा गेज, चौकोनी तोंड, भरीव रिवेट अशी घ्यायला सांगतो. हिडकलवर पाग टाकणाऱ्याला चौदा फूट, अठ्ठेचाळीस इंच, निमुळतं तोंड, कडा वीस इंच. गावाला घ्यायची असेल तर सोळा फुटांपर्यंत जा, वेल्डिंगची घ्या, आणि किती माणसं बसतील तो आकडा दोन्ही बाजूंना मराठीत आणि कन्नडमध्ये हातभर अक्षरांत रंगवा. घाबरलेल्या माणसांना थांबवायला तोंडी शब्द पुरत नाही.

सांभाळ

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही हे अर्धं खरं. तांब्याची तार, पितळी स्क्रू, तांब्याचं औषध पाजलेली फळी त्याला लागून ओली राहिली की ते पोखरतं. ओलं सिमेंट आणि पोटॅशचं खतही खातं. असं काही वाहिलं तर त्याच दिवशी धुवा. आत ओलं पोतं पसरून ठेवू नका.

पावसाळा संपला की नाव दोन लाकडी ओंडक्यांवर पालथी घाला, लोखंडावर नको. बुडाचं बूच काढा, धुवा आणि दोरीनं वल्ह्यालाच बांधून ठेवा. घाईच्या दिवशी वल्हं हातात आलं की बूचही हातात येतं.